आकडा झाका, तारीख सांगा

मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली
यांस,

24 जुलै 2025 रोजी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांसमोर आपण भारत-ब्रिटन व्यापार करारावर सही केलीत, त्याबद्दल आधी अभिनंदन. भारतातून जाणाऱ्या मालाच्या 99 टक्के प्रकारांवर ब्रिटन जकात काढून टाकणार, ही लहान गोष्ट नाही. दूध, सफरचंद, ओट, खाद्यतेल आपण बाहेर ठेवलंत, तेही बरं केलंत. मी इंदापूर तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आसपासच्या चार गावांचा निर्यातीचा माल एकत्र करून देणारा आमचा गट आहे आणि त्याचा हिशेब माझ्याकडे असतो. अभिनंदनानंतर लगेच हिशेबावर येतो, याचा राग मानू नये.

आपण सही केली तेव्हा आमच्या बागा एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या काडीवर होत्या. आता ऑक्टोबर 2025 आहे, फळछाटणी चालू आहे. काही बागा पोंग्यात, म्हणजे डोळा फुटायच्या अवस्थेत आहेत, काहींत फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढायला बाया लागल्यात. यंदा मे महिन्यातच पावसानं बारामती-इंदापूरला झोडपलं, पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, आणि काडीत सूक्ष्मघड धरायच्या नेमक्या दिवसांत ऊनच पडलं नाही. आता डोळा फुटतोय, पण त्यातून घड निघेल की घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे ताणा, निघेल याची प्रत्येकाला धाकधूक आहे. हा धोका आमचा आहे, त्याबद्दल आपल्याला पत्र लिहिणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आणि एका ओळीचा आहे. येत्या जानेवारीत न्हावा-शेवाहून ब्रिटनला निघणाऱ्या आमच्या कंटेनरवर जकात पडणार की नाही?

निर्यातदाराला विचारलं, तो सांगू शकत नाही. त्याच्या तिकडच्या खरेदीदारालाही माहीत नाही. जे माहीत नाही ते वाईटच धरायचं, हा व्यापाराचा जुना नियम. त्यामुळे दोघंही जकात पडणार असं धरून भाव बोलतात. द्राक्षावर आजवर आठेक टक्के जकात आहे, ती जाणार हे कागदावर ठरलंय, तरी त्यातला एक रुपयाही या हंगामाच्या बोलणीत आमच्या बाजूला आलेला नाही. ब्रिटनच्या दुकानांचे जानेवारी ते एप्रिलचे खरेदीचे कार्यक्रम दिवाळीच्या आगेमागे ठरतात. करार मे 2026 मध्ये लागू झाला, तर आपल्या दृष्टीनं तो 2026 चा करार असेल. आमच्या दृष्टीनं तो 2027 चा. मधलं पीक निघून गेलेलं असेल.

आपण म्हणाल, ब्रिटनच्या संसदेची मंजुरी बाकी आहे, तिथली प्रक्रिया आपल्या हातात नाही. मान्य आहे. याच महिन्यात ब्रिटनचे पंतप्रधान मोठं शिष्टमंडळ घेऊन मुंबईला येऊन गेले, तेव्हा हे विषय निघालेच असतील. पण या पत्रात मी मागणार आहे ते आपल्या एकट्याच्या हातातलं आहे, आणि त्यासाठी आधी ब्रिटननं युरोपीय संघ सोडला तेव्हा आमच्याकडे काय झालं ते सांगावं लागेल. दिल्लीच्या अहवालांत ती गोष्ट लंडन आणि ब्रसेल्सची असते. तिचा थोडा भाग इंदापूरचाही आहे.

23 जून 2016 च्या मतदानात 51.9 टक्के ब्रिटिशांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. त्याआधी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. आमच्या फळछाटणीपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, तो ब्याऐंशीच्या घरात आला. अजून काहीच बदललं नव्हतं. जकात तीच, नियम तेच, बंदर तेच. नुसत्या अंदाजावर पौंडात बोललेल्या मालाच्या किमतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा उडाला. शेतावर तेव्हा कुणी चलनाचा विमा काढत नव्हतं. आजही काढत नाही.

पण पौंड हा त्या गोष्टीचा सोपा भाग. अवघड भाग मुदतीचा होता. संघाच्या कराराचं कलम 50 वापरून ब्रिटननं 29 मार्च 2017 ला बाहेर पडण्याची नोटीस दिली. त्या कलमानं दोन वर्षांची मुदत सुरू होते, आणि ती वाढवायची तर उरलेल्या सर्व देशांची संमती लागते. म्हणजे नोटीस दिली त्या क्षणापासून वेळ समोरच्याच्या बाजूनं धावू लागली. आणि ही नोटीस दिली तेव्हा आपल्याला नेमकं काय हवंय, यावर ब्रिटनच्या मंत्रिमंडळातच एकमत नव्हतं. नोटीस दिल्यावर त्यांनी जूनमध्ये निवडणूक घेतली आणि तिच्यात बहुमत घालवलं. युरोपच्या बाजूनं मिशेल बार्निए नावाचा एकच माणूस शेवटपर्यंत बसला. ब्रिटनच्या बाजूनं तेवढ्या काळात बाहेर पडण्याच्या खात्याचे तीन मंत्री झाले. आधी देण्याघेण्याचा आणि सरहद्दीचा निकाल, मग व्यापाराची चर्चा, हा क्रम युरोपनं लावला आणि ब्रिटननं निमूट घेतला. माझ्या मते निम्मी बोलणी तिथंच हरली गेली. कोणता विषय आधी घ्यायचा हे ज्यानं ठरवलं, त्यानं दुसऱ्याच्या हातातलं देण्यासारखं सगळं आधीच काढून घेतलं.

ब्रिटनच्या पंतप्रधान तेव्हा म्हणत होत्या की वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा. वाक्य खोटं नाही. द्राक्षवाला, डाळिंबवाला कुणीही हे मनात धरूनच सौद्याला बसतो. पण ते समोरच्याला खरं वाटायला मागे काही तयारी दिसावी लागते. करार झाला नाही तर माल आणायला जादा बोटी हव्यात म्हणून तिथल्या सरकारनं ज्या कंपन्यांना ठेके दिले, त्यांतल्या एकीकडे स्वतःचं एकही जहाज नव्हतं. 1 कोटी 38 लाख पौंडांचा तो ठेका फेब्रुवारी 2019 मध्ये रद्द झाला. केंटमध्ये ट्रकच्या रांगांची रंगीत तालीम घेतली तर तिला नव्वदसुद्धा ट्रक जमले नाहीत. ब्रसेल्समध्ये बसलेल्या माणसाला हे सगळं वर्तमानपत्रात वाचायला मिळत होतं.

आता 2019 चा आमचा हंगाम पाहा. मुदत संपणार 29 मार्चला. आमच्या मालाला न्हावा-शेवाहून तिकडे पोचायला सुवेझमार्गे तीन-साडेतीन आठवडे लागायचे. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात निघालेला कंटेनर 29 मार्चच्या अलीकडे उतरणार की पलीकडे, हे बोटीच्या वेगावर. अलीकडे उतरला तर युरोपचा कायदा, पलीकडे उतरला तर कोणता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. करार न झाल्यास लावायचे तात्पुरते जकातीचे दर ब्रिटननं जाहीर केले ते 13 मार्चला. माल समुद्रात होता. मुदत आधी 12 एप्रिलपर्यंत वाढली, मग 31 ऑक्टोबरपर्यंत, मग 31 जानेवारी 2020 पर्यंत. प्रत्येक वेळी पेपरात बातमी अशी यायची की धोका टळला. खरेदीदाराच्या लेखी तो टळलेला नसायचा, नुसता पुढच्या हंगामावर सरकलेला असायचा.

अशा वेळी तोटा कुणाकडे जातो ते पाहण्यासारखं आहे. तिकडचा दुकानवाला ठरलेल्या भावाचा कार्यक्रम द्यायला कचरतो. आयातदार म्हणतो, माल पाठवा, विकला की हिशेब करू. इकडचा निर्यातदार आधीच्या वर्षी किमान भावाची हमी देत असतो, तो यंदा इसार कमी देतो आणि हमीचं नाव काढत नाही. शेवटी सगळी अनिश्चितता उतरत उतरत अशा माणसाकडे येते, ज्याच्या वेलीवर मालात पाणी उतरलंय, साखर भरलीय आणि ज्याला अजून दोन आठवडेही थांबता येत नाही. पांढऱ्या वाणाचा बेदाणा करता येतो, आमच्या तालुक्यातल्या बोरी गावच्या काळ्या द्राक्षाला पूर्वेकडच्या देशांत गिऱ्हाईक आहे, म्हणून आम्ही अगदीच अडकून पडत नाही. पण निर्यातीसाठी घडाची विरळणी केलेला, प्रत्येक फवारणीची नोंद ठेवलेला, तपासणीचे पैसे भरलेला माल बेदाण्याला टाकणं म्हणजे खर्च तसाच आणि पदरात अर्धं.

शेवटी 24 डिसेंबर 2020 ला त्यांचा करार झाला आणि आठवडाभरानं, 1 जानेवारी 2021 ला, तो चालू झाला. हजारावर पानं, आठ दिवस. आमची तोडणी सुरू व्हायच्या तोंडावर.

जकातीचा धक्का आम्हाला बसला नाही. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांचे युरोपशी जुने करार होते, ते त्यांनी ब्रिटनशी आधीच जसेच्या तसे उतरवून घेतले होते. आपला युरोपशी करारच नव्हता, त्यामुळे आपलं जाण्यासारखंही काही नव्हतं. बिनघराच्याला घरपट्टी नाही, इतकंच. बदललं ते दुसरंच. पूर्वी रॉटरडॅमला उतरलेला माल भाव बघून लंडनकडे वळवता यायचा, तो सगळा एकच बाजार होता. आता रॉटरडॅमहून लंडनला म्हणजे पुन्हा नवा जकात दाखला, नवे कागद. कंटेनर कुठं जाणार हे इथंच, पॅकहाऊसमध्ये ठरवावं लागतं आणि नंतर बदलायचं तर मधल्या माणसांची पोटं भरावी लागतात. माल वळवण्याची सोय गेली. तिची किंमत कुठल्याही जकातीच्या तक्त्यात दिसत नाही.

आणि फवारणीच्या औषधांच्या फळात उरणाऱ्या अंशाची मर्यादा. इथं जरा थांबतो, कारण करारांच्या बातम्यांत जकात मोठ्या अक्षरात असते आणि हा विषय शेवटच्या परिच्छेदात. 2010 साली आमच्यासारख्यांना युरोपनं याच कारणावरून दाखवलेला इंगा अजून विस्मरणात गेलेला नाही. सीसीसी या वाढनियंत्रकाचे अंश सापडले म्हणून भारतीय द्राक्षं तिकडे अडली. तोवर आमच्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. माल घाण नव्हता, यादी अपुरी होती. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडा हिची ग्रेपनेट ही बागांची नोंदणी, प्रयोगशाळा या सगळ्यांनी मिळून ही व्यवस्था पुष्कळ सुधारली. श्रेय ज्यांचं त्यांना द्यायला हवं. पण ती व्यवस्था एका यादीवर उभी होती. 2021 पासून ब्रिटनची यादी वेगळी झाली, युरोपची वेगळी. सुरुवातीला दोन्ही सारख्या होत्या, मग एकेका औषधावर फाटे फुटू लागले. गंमत अशी की उत्तर आयर्लंडला अजून युरोपचीच यादी लागू आहे. म्हणजे एकाच ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या दुकानात चालणारा घड समुद्राच्या पलीकडे बेलफास्टला चालेलच असं नाही. त्यात 19 मे 2025 ला ब्रिटन आणि युरोपनं अन्नसुरक्षेच्या नियमांवर पुन्हा एकत्र यायचं ठरवलं. फुटलेल्या याद्या पुन्हा जुळायच्या वाटेवर आहेत. कधी, ते माहीत नाही. कोणतं औषध कितव्या दिवशी बंद करायचं हे मात्र आम्हाला आज, पोंग्यातच ठरवावं लागतं.

मंत्रिमहोदय, बोलणी कशी करू नयेत याचा हा नमुना आपण जवळून पाहिलेला आहे, आणि आपण त्यातून शिकलात असं मला प्रामाणिकपणे वाटतं. एप्रिल 2022 मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी भारतात येऊन दिवाळीपर्यंत करार करू असं जाहीर केलं. ती दिवाळी गेली, ते पंतप्रधान गेले, त्यांच्यानंतरचे दोन गेले, आणि आपण घाई केली नाहीत. जानेवारी 2022 ला सुरू झालेली बोलणी मे 2025 मध्ये संपली. मुदतीच्या दबावाखाली आपण करार करत नाही, हे आपण अनेकदा जाहीर बोलला आहात. घाई ज्याला, तोटा त्याला. हे इथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही.

त्याआधीची 4 नोव्हेंबर 2019 ची गोष्ट तर आमच्या दूधवाल्यांना तारखेनिशी लक्षात आहे. बँकॉकमध्ये भारतानं आरसेप या पूर्वेकडच्या देशांच्या व्यापार कराराच्या बोलणीतून अंग काढून घेतलं. सात वर्षं चाललेली बोलणी होती, पंधरा देश समोर होते. न्यूझीलंडची दूध भुकटी आणि लोणी शून्य जकातीनं येणार, या धास्तीनं बारामती-इंदापूरच्या गोठ्यांत झोप उडाली होती. निर्णय झाला, आणि तेव्हा तरी निश्चिंती आली. भारतानं उठून जाणं समोरच्यांनी खरं मानलं, कारण उठून गेल्यावर भारताचं अडत नव्हतं. ब्रिटन आणि आपल्यात फरक होता तो इथं. आरसेप सोडल्यानं आपण पूर्वेचा बाजार गमावला असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असेल. पण दुधाचा पगार दर दहा दिवसांनी घेणाऱ्या घराला तो वाद परवडणारा नव्हता.

इथवर मी आपल्या बाजूनं आहे. पुढं नाही.

बोलणीत मुदत न सांगणं ही आपली ताकद आहे. पण तीच सवय आपल्या कार्यालयांना घरातही लागली आहे. 7 डिसेंबर 2023 हा दिवस आठवून पाहा. त्या एकाच दिवशी दोन कागद निघाले. एक आपल्या वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, दुसऱ्या दिवसापासून कांदा निर्यात बंद. दुसरा अन्न मंत्रालयाचा, उसाच्या रसापासून इथेनॉल लगेच बंद. ते खातंही तेव्हा आपल्याकडेच होतं. आमच्याकडे गळीत हंगाम सुरू होऊन महिना झाला होता. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शेटफळगढे, जिकडे बघाल तिकडे कारखाना. इथेनॉल वाढवा असं केंद्र सरकारच सांगत होतं, म्हणून कर्ज काढून आसवनी प्रकल्प उभे राहिले. आठ दिवसांनी, 15 डिसेंबरला, तो आदेश सैल करून ठरावीक मर्यादेत परवानगी दिली. आठ दिवसांत जर विचार बदलता येतो, तर आधीच आठ दिवस विचार का करता येत नाही, असं त्या वेळी इथल्या चहाच्या टपऱ्यांवर विचारलं जात होतं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जून 2024 ची गोष्ट त्याहून लहान. कमी जकातीनं 10,000 टन दूध भुकटी आयातीची मुभा देणारी सूचना निघाली. देशातल्या उत्पादनापुढे तेवढी भुकटी किरकोळ, हे सरकारचं म्हणणं आकड्यात बरोबर होतं. पण वेळ कोणती? राज्य सरकारनं 2023 च्या जुलैत गाईच्या दुधाला 34 रुपये दर ठरवला होता आणि काही महिन्यांतच संघ आणि खासगी डेअऱ्या 26-27 रुपये देत होत्या. लिटरमागे 5 रुपये अनुदान देऊन राज्याला सावरावं लागलं होतं. आरसेपमधून बाहेर पडून जी निश्चिंती आपण दिलीत, ती एका पानाच्या सूचनेनं काढून घेतली.

ब्रिटनच्या व्यापाऱ्यांची 2016 ते 2020 मध्ये जी अवस्था झाली ती देश संघाबाहेर पडल्यामुळे झाली. आमची तशी अवस्था कुठलाही संघ न सोडता होते, हे मला म्हणायचं आहे.

म्हणून मागणी. बोलणीतला आपला शेवटचा आकडा झाकून ठेवा, तो आम्हाला कळला तर तासाभरात ब्रसेल्सलाही कळेल. करार कधी होईल, तेही सांगू नका. पण करार झाल्यावर, जकात बदलल्यावर, निर्यातबंदी लागल्यावर तो बदल किती दिवसांनी अमलात येईल, एवढं आजच, आधीच ठरवून जाहीर करा. नाशवंत मालाबाबत कोणताही बदल हंगामाच्या मध्ये लागू होणार नाही. सवलतीचा असेल तर फळछाटणीच्या आधी तारीख कळेल, बंधनाचा असेल तर वेलीवर आलेलं पीक जुन्या नियमानं जाईल. हे वचन द्यायला समोरच्या देशाची संमती लागत नाही. त्यानं बोलणीत आपली बाजू कणभरही हलकी होत नाही, कारण त्यात आपण त्यांना काहीच सांगत नाही.

आमच्याकडे हे पाण्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं चालतं. नीरा डाव्या कालव्याला पाणी किती मिळणार यावर कालवा सल्लागार समितीत दरवर्षी रण माजतं. इंदापूर कालव्याच्या शेपटाला, त्यामुळे आमच्या वाट्याला काय येतं ते न बोललेलं बरं. पण आवर्तन कोणत्या तारखेला सुटणार हे जाहीर होतं. पाणी कमी आलं तरी माणूस तारखेवर पीक बेततो. तारीख फिरली की भरपूर पाणीसुद्धा उपयोगाचं राहत नाही.

आपले अधिकारी यावर हरकत घेतील ती मला दिसते आहे. महागाई भडकली तर सरकारला लगेच हात घालता आला पाहिजे, आधी सांगितलं तर व्यापारी साठा करतील, माल बाहेर काढतील. कांद्यात हे काही प्रमाणात खरं आहे. पण त्याच 7 डिसेंबरच्या अधिसूचनेत, जहाजावर चढायला लागलेल्या आणि सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेलेल्या मालाला सूट दिली होती. म्हणजे वाटेतला माल वाचवायचं तत्त्व सरकारला मान्य आहे. फक्त ती वाट बंदरापासून मोजली जाते. कंटेनर रस्त्यावर असलेल्याचं काय, आणि ज्यानं परदेशी खरेदीदारासाठी म्हणून पीक उभं केलं त्याचं काय? द्राक्षात तर साठेबाजीचा प्रश्नच येत नाही. शीतगृहात ठेवलं तरी घड आपले दिवस मोजत असतो. निर्यातीसाठीच्या बागेची दरवर्षी नोंदणी होते, प्लॉटचा क्रमांक असतो, कुठली बाग कधी छाटली ते ग्रेपनेटवर आपल्यालाच दिसतं. वाट शेतापासून मोजायची म्हटली तर कागद तयार आहेत.

दुसरी हरकत जरा सूक्ष्म आहे, आणि ती मी स्वतःच मांडतो. तारीख आधी सांगून नंतर पाळली नाही तर? ब्रिटननं तेच केलं. युरोपातून येणाऱ्या अन्नाची सीमेवर तपासणी 2021 मध्ये सुरू करायची होती, ती पुन्हा पुन्हा ढकलत एप्रिल 2024 पर्यंत नेली. ज्यांनी वेळेत माणसं नेमली, शेड उभ्या केल्या, त्यांचा खर्च बुडाला. जे हातावर हात धरून बसले ते फायद्यात राहिले. अशी एक तारीख चुकली की पुढच्या दहा तारखांवर कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा उशिराची तारीख द्या, चालेल. सप्टेंबर म्हणून सांगितलेलं मार्चवर ढकललं की आमचं गणित बुडतं. दोन वर्षांनंतरची दिली आणि पाळली तर आम्ही त्यावर वाणसुद्धा बदलू.

आता युरोप. 2025 च्या अखेरपर्यंत करार करायचा असं त्या वर्षीच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजूंनी ठरवलं होतं. युरोपशी बारामतीचं नातं आपल्याला सांगायला नको. औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी आणि वेस्पा तयार होतात, फेरेरोची किंडर जॉय तिथंच बनते, कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचं डच सहकार्याचं केंद्र आहे. या कंपन्यांकडे जकातीचे वकील आहेत, ब्रसेल्समध्ये कान आहेत. त्यांना करारातलं कलम आमच्याआधी सहा महिने कळतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच रस्त्यानं पुढं गेलेल्या द्राक्षाच्या गाडीला ते बंदरावर कळू नये, एवढं तरी व्हावं.

युरोपच्या करारात द्राक्षाची जकात काढून घ्यालच. चिली आणि दक्षिण आफ्रिका कित्येक वर्षं बिनजकातीचा माल पाठवतात, त्यांच्याशी बरोबरी हवीच. पण माझ्या हातात निवड असती तर मी जकातीचे दोन टक्के उशिरा घेतले असते आणि त्याबदल्यात एक कलम आधी मागितलं असतं. औषधाच्या अंशाची मर्यादा कमी करायची असेल तर नवी मर्यादा ती जाहीर झाल्यानंतर छाटलेल्या बागेच्या मालाला लागू व्हावी, आधीच्या नाही. आणि ब्रिटन-युरोपच्या याद्या पुन्हा एक होतील तेव्हा ब्रिटनच्या करारातली आमची सवलत त्या जुळवाजुळवीत वाहून जाणार नाही, याची लेखी नोंद आत्ताच करून ठेवावी. जकात आठ टक्के असली तरी माल विकला जातो, थोडा कमी पैशानं. अंश मर्यादेच्या वर गेला की कंटेनरच्या कंटेनर फेकायचा. दोन्ही धोके एकाच मापानं मोजणं चूक आहे. चर्चेच्या पहिल्या दिवशी ज्या फळाची जकात काढून घेतली त्याचं कौतुक होतं, अंशाच्या कलमाचं कुणी कौतुक करणार नाही, हेही माहीत आहे.

अमेरिकेनं ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के जकात लावली, तेव्हा ती आपण थांबवू शकत नव्हता. बांगलादेश द्राक्षावरचा आयात कर कधी वाढवेल, तेही आपल्या हातात नाही. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या आणि माल आणखी दहा-पंधरा दिवस उशिरा पोचू लागला, तो तर कुणाच्याच हातात नव्हता. आपल्या सहीच्या कागदाची अंमलबजावणीची तारीख मात्र आपल्या हातात आहे.

पुढची खरड छाटणी एप्रिलमध्ये आहे. त्याआधी ब्रिटनच्या कराराचं, आणि तोवर युरोपचा झाला तर त्याचंही, एक पानी परिपत्रक मराठीत निघावं. कोणत्या तारखेनंतर बंदरातून निघालेल्या मालाला शून्य जकात, उत्पत्तीचा दाखला कुणी द्यायचा, अंशाच्या कोणत्या यादीवर तपासणी, आणि नियम बदलला तर किती दिवस आधी कळणार. मांजरीचं संशोधन केंद्र, राज्य द्राक्ष बागायतदार संघ, बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे ते पोचलं की दोन दिवसांत वाडीवस्तीवर जाईल, त्याची व्यवस्था आम्ही करतो. यंदाच्या हंगामासाठी एवढं जरी कळलं की जानेवारी ते एप्रिलचा माल जुन्याच जकातीनं जाणार, तरी चालेल. निदान नाही हे तरी नक्की कळू द्या. निर्यातदाराशी बोलणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहेत.

कळावे,
आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. इंदापूर, जि. पुणे
ऑक्टोबर 2025